शेणकाला आणि निळी ज्योत : काही टिपणं

गोबर गॅस म्हटलं की खेड्यातला गोठा आठवतो. पण कुजण्यातून निघालेला गॅस धरून जाळल्याची आपल्याकडची सर्वांत जुनी नोंद मुंबईतली आहे. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत मैल्याची बंद टाकी बांधली गेली आणि तिच्या गॅसवर दिवे लागले. १९०७मध्ये त्याच गॅसवर इंजिनही चाललं. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनल्ड कॅमेरनने आपल्या सेप्टिक टाकीच्या गॅसवर उजेड केला, त्याला माटुंग्याचे दिवे लागले तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली असतील.

ही वसाहत १८९०मध्ये उभी राहिली ती पालिका आयुक्त ॲक्वर्थ यांच्या खटपटीने. वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय अजून त्यांच्या नावाने ओळखलं जातं. मराठी वाचकाने हे नाव वेगळ्याच संदर्भात ऐकलेलं असतं. शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर ऐतिहासिक पोवाडे जमवून ते १८९१मध्ये छापणारे ॲक्वर्थ ते हेच. शहरातल्या रस्त्यांवर त्या काळी कोळशाच्या गॅसचे दिवे होते. शहराने भिंतीआड ठेवलेल्या माणसांकडे मात्र स्वतःचा गॅस होता आणि त्याचं बिल कुणी पाठवत नव्हतं.

*

१७७६. इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी आलेस्सांद्रो व्होल्टा दलदलीचा गाळ काठीने ढवळतो, वर येणारे बुडबुडे पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत धरतो आणि त्यांना ज्योत दाखवतो. त्या पेटलेल्या बुडबुड्यांचं नाव पुढे मिथेन पडलं.

कोकणात रात्री खाजणात दिसणाऱ्या भुताच्या पलित्यांचा उलगडा कुणीतरी हमखास 'तो मिथेन असतो' म्हणून करतं. पण मिथेन आपणहून पेटत नाही. त्याला ठिणगी लागते, नाहीतर पाचशे अंशांहून जास्त उष्णता. खाजणात रात्री बाराला ही ठिणगी कोण घेऊन जातं, हे सांगितल्याशिवाय भुताची सुटका होत नाही.

*

टाकीत नेमकं काय होतं? गोठ्यातलं शेण तेवढ्याच पाण्यात कालवून आत सोडलं की पहिल्या फळीचे जीवाणू त्यातले लांबलचक रेणू तोडतात. दुसरी फळी त्यांची आम्लं बनवते. या आम्लांपासून पुढे मुख्यतः ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, आणि हायड्रोजन तयार होतो. त्यावर शेवटची फळी जगते, ती मिथेन सोडणारी. हे शेवटचे जीव प्रत्यक्षात जीवाणूही नव्हेत. १९७७मध्ये कार्ल वूज यांनी जीवसृष्टीत आर्किया ही वेगळी शाखा दाखवली, ती याच मिथेनवाल्यांच्या रायबोसोममधल्या आरएनएचा अभ्यास करून.

ही शेवटची फळी फार नाजूक. हवा तिला विष. पस्तीस अंशांच्या आसपास ती खूश असते, पंधराच्या खाली सुस्तावते, दहाच्या खाली जवळजवळ थांबते. आम्ल वाढलं की आधी तीच मरते, आणि तीच मेली की साचणारं आम्ल खायला कुणी उरत नाही. टाकी आंबते ती अशी. मग चार दिवस खाणं बंद ठेवायचं, थोडी चुन्याची निवळी घालायची, जवळच्या चालू टाकीतला काला आणून ओतायचा आणि वाट बघायची.

नव्या टाकीत विरजण वेगळं आणावं लागत नाही. गाईच्या पोटातून ही सगळी फौज शेणाबरोबरच बाहेर पडते.

*

शेणाचा हिशेब. पंचवीस किलो ओल्या शेणातून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. त्यात मिथेन पंचावन्न ते पासष्ट टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड नावापुरता. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या जुन्या कोष्टकांप्रमाणे माणशी रोजच्या स्वयंपाकाला पाव घनमीटर धरायचा. पाच-सहा माणसांच्या घराला दोन घनमीटरची टाकी, म्हणजे रोज पन्नास किलो शेण, म्हणजे गोठ्यात बांधलेली चार-पाच जनावरं.

एक घनमीटर गोबर गॅस म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम एलपीजी. दोन घनमीटरची टाकी रोज पूर्ण भरली तर सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस पंधरा-सोळा दिवसांत भरून निघतो. कागदावर हे अप्रतिम दिसतं.

कागदावर जे दिसत नाही ते असं. शेणाइतकंच पाणीही लागतं, रोज चार-पाच बादल्या. माण किंवा जतसारख्या दुष्काळी तालुक्यात मार्चनंतर त्या कुठून आणायच्या? बैल गेले, ट्रॅक्टर आला. चार जनावरांच्या गोठ्यात आता दोन राहिली. टाकी मात्र चारांच्या हिशेबाने बांधलेली. आणि शेण कालवायचं कुणी? अनुदानाच्या अर्जावर सही घरधन्याची असते. सकाळी टाकीच्या तोंडाशी बसून शेणातल्या काड्या वेचणारा हात बहुतेक घरांत बाईचा असतो. चुलीचा धूर तिच्याच डोळ्यांत जात होता, त्यामुळे हा सौदा तिला परवडतो. तरी हे काम तिच्या दिवसात वाढलेलंच असतं, ते कुठल्याच कोष्टकात धरलेलं नाही.

*

कागलकडच्या एका गवंड्याने आजवर शेकडो टाक्या बांधल्यात. गॅस कमी येण्याची कारणं त्याला विचारली.

"टाकीत कायबी बिघडत न्हाई ताई. मानसं इसरत्यात. म्हशीला दोन दिवस वैरन न्हाई घातली तर ती हंबारती तरी. टाकी हंबरत न्हाई."

तांत्रिक अहवालांत ज्याला 'देखभालीचा अभाव' म्हणतात ते हेच.

*

तरंगत्या पिंपाची टाकी जशभाई पटेल यांची. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ती बेतली आणि साठच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने उचलून देशभर नेली. विहिरीसारखा हौद, त्यात उपडं लोखंडी पिंप. गॅस भरला की पिंप वर उचललं जातं, वापरला की खाली बसतं. शिल्लक किती ते अंगणातूनच दिसतं. पिंपाच्या वजनामुळे दाब कायम सारखा, साधारण दहा सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका. रोज पिंप थोडं फिरवलं की वर धरलेली साय मोडते.

दोष एकच, पण मोठा. पिंप गंजतं. दरवर्षी रंग द्यायचा असतो, तो पहिल्या वर्षी देतात. पुढचं सांगायला नको.

म्हणून घुमटाची टाकी आली. १९७८ची 'जनता' आणि १९८४ची 'दीनबंधू', दोन्ही जमिनीखाली, विटा-सिमेंटच्या, लोखंड अजिबात नाही. स्वस्त आणि टिकाऊ. पण घुमटाला केसाएवढी चीर पडली तरी गॅस गुपचूप निघून जातो, म्हणून गवंडी शिकलेलाच लागतो. शिवाय दाब सारखा राहत नाही. टाकी तुडुंब असताना बर्नर फुरफुरतो, भाकऱ्या संपत आल्या की आच मऊ पडते. जुन्या बायका आधी भाकरी, मग डाळ असा क्रम लावतात तो यामुळे.

मला स्वतःला पिंपाची टाकी आवडते. शिल्लक डोळ्यांना दिसली की माणूस वापरताना हात आखडता घेतो.

*

एलपीजीची शेगडी गोबर गॅसला तशीच जोडली तर ज्योत उडते किंवा धड पेटतच नाही. एलपीजी दाबाने येतो आणि घनमीटरमागे चौपटीच्या आसपास उष्णता देतो, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक. गोबर गॅस हळू येतो आणि त्यातला चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड जळतच नाही, नुसता उष्णता खात पुढे जातो. ज्योतीचा वेग त्याने आणखी मंदावतो. म्हणून जेटचं भोक मोठं हवं आणि बर्नरची छिद्रंही मोठी. एक घनमीटर गॅस पुरता जळायला पावणेसहा घनमीटर हवा लागते. हवेची चकती कमी उघडी ठेवली की ज्योत लांबुळकी, पिवळी आणि भांडं काळं. नीट उघडली की ज्योत आखूड, निळी, जवळजवळ न दिसणारी. उन्हात तर ती अजिबात दिसत नाही, आणि चटका बसल्यावर कळतं की शेगडी चालू होती.

ज्योत मधूनच भकभकू लागली तर बहुधा नळीत पाणी साचलंय. गॅसबरोबर वाफ येते, रात्री थंडाव्याने तिचं पाणी होतं आणि नळीच्या खोलगट भागात बसतं. तिथला कॉक आठवड्यातून एकदा सोडायचा. 'गोबर गॅस आमच्याकडे चाललाच नाही' म्हणणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ या वाटीभर पाण्यात असावं, असा माझा संशय आहे.

*

मुंबईतल्या स्वयंपाकघरात पाइपने येणारा गॅस आणि कागलच्या गोठ्यामागचा गॅस, दोन्हींतला जळणारा रेणू एकच. फरक वयाचा. पहिला कोट्यवधी वर्षं खडकाखाली होता, दुसरा गेल्या महिन्यात वैरण होता.

*

देहू. तुकोबांच्या गावात १९६०च्या सुमारास सुहास मापुसकर नावाचे तरुण डॉक्टर सरकारी दवाखान्यात रुजू झाले. जुलाब, जंत, कावीळ, पुन्हा जुलाब. औषधं देऊन कंटाळले आणि रोगाच्या उगमाशी, उघड्यावरच्या हागणदारीशी पोचले. सुरुवातीला बांधलेले संडास पावसात खचले. मग त्यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमाकडे पाहिलं.

गोपुरीचे आप्पासाहेब पटवर्धन म्हणजे कोकणचे गांधी. १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात, मैला उचलण्याचं काम आपल्यालाही करू द्या, एवढ्या मागणीसाठी त्यांनी उपास धरला होता, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न सोडलं होतं. सोप्या संडासावर त्यांनी पुढे आयुष्य घालवलं. संडासाला जोडलेल्या गॅस टाकीची त्यांची कल्पना मापुसकरांनी देहूत सुधारली आणि 'मलप्रभा' हा नमुना तयार झाला. शेण लागत नाही. घरची माणसं पुरतात. मैला जमिनीखालून थेट टाकीत जातो, कुणाला हात लावावा लागत नाही. मैला माणसाने वाहू नये, हा आप्पांचा मूळ हट्ट इथे नळ आणि उतार यांनी पुरा केला.

गॅस मात्र थोडाच येतो, कारण माणूस गाईइतका मैला देत नाही. त्यामुळे गॅससाठी संडास जोडा म्हणणं चूक आहे. संडासाची घाण संपवायची आणि वर चहापुरता गॅस घ्यायचा, हा क्रम बरोबर. मापुसकर २०१५मध्ये गेले. २०१७मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

'त्या' गॅसवर शिजवलेलं खाणार का, हा प्रश्न सुरुवातीला सगळीकडे निघतो. तो किती दिवस टिकतो हे सिलिंडरच्या भावावर अवलंबून असतं.

*

पुण्याच्या आनंद कर्वे यांचा मुद्दा मला अजून बिनतोड वाटतो. हे इरावती कर्वे यांचे चिरंजीव, वनस्पतिशास्त्रज्ञ, 'आरती' या संस्थेचे संस्थापक. ते म्हणतात की शेण म्हणजे गाईने सगळं सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला चोथा. जंतूंना चोथाच का वाढायचा? त्यांना पिठूळ, गोड, खरकटं द्या.

ताडून पाहू. एक किलो ग्लुकोजपासून हिशेबाने जास्तीत जास्त पावणेचारशे लिटर मिथेन निघू शकतो. एक किलो ओल्या शेणापासून पंचवीस लिटरही नाही. शेणाला टाकीत महिना-सव्वा महिना मुरावं लागतं, खरकट्याचा गॅस दिवस-दोन दिवसांत तयार. म्हणजे टाकीही छोटी चालते. प्लॅस्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्या, एक उभी, एक तिच्यात उपडी, गच्चीवर ठेवण्याजोगं प्रकरण. २००६मध्ये संस्थेला यासाठी ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

गाय तरी वेगळं काय करते? तिच्या पोटातले हेच जंतू दिवसाला दोनशे ते पाचशे लिटर मिथेन तयार करतात आणि तो ती रवंथ करता करता ढेकरांतून सोडून देते. दिवसभराच्या शेणापासून टाकीत जेवढा मिथेन मिळेल, जवळपास तेवढा किंवा त्याहून जास्त तिच्या तोंडावाटे आधीच गेलेला असतो.

कर्व्यांच्या टाकीची अडचण शहरी माणसाची आहे. खरकटं जास्त झालं की तो सगळं एकदम ओततो, आणि टाकी आंबते. सणाच्या दुसऱ्या दिवशी हे हटकून होतं.

*

शरद काळे यांनी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यावर तोड काढली. 'निसर्गऋण' प्रकल्पात कचऱ्याचा आधी मिक्सरमधून लगदा करायचा आणि तो गरम पाणी आणि हवा देऊन वेगळ्या टाकीत आंबवून घ्यायचा. आंबटपणाचं सगळं नाटक तिथे उरकलं की मग मिथेनच्या टाकीत. २०१३ची पद्मश्री काळ्यांना मिळाली. अणुशक्तीच्या घरात बसून त्यांनी भाजीच्या देठांचा विचार केला याचं मला कौतुक वाटतं.

ट्रॉम्बेहून देवनारचा कचऱ्याचा डोंगर फार लांब नाही. जानेवारी २०१६मध्ये तो पेटला आणि त्याचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ओला कचरा खोल दाबला गेला, हवा तुटली की तिथे न बांधलेली गोबर गॅस टाकी तयार होतेच. जंतूंना परवानगी लागत नाही.

*

नेवासे तालुक्यातलं वाकडी, एप्रिल २०२४. गोबर गॅसच्या मळीसाठी, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या काल्यासाठी, वापरलेल्या पडक्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कंबरेला दोर बांधून उतरलेला सहावा तेवढा वाचला.

मिथेन विषारी नाही, तो फक्त प्राणवायूची जागा घेतो. कार्बन डायऑक्साइड जड, तो तळाशी बसून राहतो. आणि हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना नाकाला झोंबतो, फार झाला की नाक बधिर करतो. म्हणजे 'आता वास येत नाही' हे उतरणाऱ्याला वाटतं ती सर्वांत वाईट खूण. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही. टाकीत किंवा मळीच्या खड्ड्यात उतरायचंच नाही. उतरणं भागच असेल तर आधी रिकामी करून, दिवसभर उघडी ठेवून, पंख्याने हवा मारून, दोर बांधून आणि दोर धरणारी माणसं वर ठेवून. आत काडी ओढून 'बघायचं' नाही. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन असला की ती काडी शेवटची.

प्रत्येक टाकीवर हे रंगवून लिहायला शंभर रुपयांचा रंग लागतो. मला एकाही टाकीवर ते लिहिलेलं दिसलेलं नाही.

*

गोबर गॅस हवामानासाठी चांगला, असं सरसकट म्हणतात. जरा थांबावं.

मिथेन वीस वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापवतो. एक किलो मिथेन जाळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, तोही वैरणीने वर्षभरात हवेतून घेतलेलाच. म्हणून जाळणं उत्तम. पण उन्हात थापलेल्या गोवरीतून मिथेन जवळजवळ निघत नाही, कारण ती हवेत वाळते. टाकीत आपण तो मुद्दाम बनवतो. घुमटाला चीर असेल, किंवा दिवाळीला सगळे गावी गेल्यावर भरलेली टाकी काठावरून बुडबुडे सोडत असेल, तर त्या घराने गोवऱ्या थापल्या असत्या तरी हवा कमी तापली असती. धूर वेगळा, तो घरातल्यांच्या छातीत जातो आणि त्यासाठी टाकी हवीच. पण गळती न मोजता कार्बनचे हिशेब मांडणाऱ्यांचा भरवसा धरू नये.

*

साखर कारखाने. त्यांच्या आसवन्यांत एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर स्पेंट वॉश हा टाकाऊ द्रव, तांबडा, कढत, ओढ्यात सोडला तर मासे मारणारा. ऐंशीच्या दशकापासून आसवन्यांनी तो बंद टाक्यांत कुजवून गॅस काढला आणि बॉयलरला दिला. पुढे सांडपाण्याचा थेंबही बाहेर नको असा दंडक आल्यावर बऱ्याच ठिकाणी तो आटवून थेट बॉयलरमध्ये जाळू लागले.

आता डोळा प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर आहे. शंभर टन उसामागे तीन-चार टन. त्यातून गॅस काढून, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फाइड धुऊन, नव्वद टक्क्यांच्या वर मिथेन करून, दाबून नळकांड्यांत भरला की तो सीएनजीच्या जागी चालतो. एक टन गॅसला वीस-पंचवीस टन प्रेसमड. केंद्राने २०१८मध्ये 'सतत' योजना आणली तेव्हा पाच हजार प्रकल्पांचं लक्ष्य होतं, २०२३पर्यंत. त्याच्या जवळपासही कुणी पोचलं नाही. मग शहरी गॅस कंपन्यांना हा गॅस मिसळण्याची सक्ती ठरली, २०२५-२६मध्ये एक टक्का, २०२८-२९पर्यंत पाच.

हंगाम मात्र चार-पाच महिन्यांचा. पाडव्याच्या आसपास धुराडी बंद होतात. उघड्यावर ढीग मारून ठेवलेला प्रेसमड आतून तापतो आणि त्यातलं गॅस देणारं सत्त्व उडून जातं. जंतूंना मात्र बाराही महिने खाणं हवं. तिकडे कोट्यवधींच्या प्रकल्पाची आणि इकडे दोन म्हशींच्या टाकीची अडचण शेवटी एकच निघते.

शिवाय उरलेल्या खताचं काय? गॅस काढल्यावर नत्र जात नाही, ते सगळं मळीतच राहतं. सरकारने २०२३मध्ये अशा खताला टनामागे दीड हजार रुपये मदत ठरवली. तरी ते ओलं, जड आणि वाहतुकीला महाग. गोठ्यामागे टाकी असलेला शेतकरी हेच खत पाटाच्या पाण्याबरोबर उसाला सोडतो, त्याला ट्रॉलीही लागत नाही. गॅस पुरत नाही म्हणून शेगडी काढून टाकलेल्या एका घरात टाकी अजून चालू दिसली, ती निव्वळ मळीसाठी. गॅस तसाच हवेत जात होता.